उंबऱ्याचा दगड

लझहरने पस्तीस वर्षं ट्युनिस शहरात फतीरे तळले. सैल पिठाचा गोळा ओल्या हाताने ओढून पातळ करायचा, उकळत्या तेलात सोडायचा, वर अंडं फोडायचं, आणि फुगून लाल झाला की कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचा. आमच्या डोंगरातल्या पुरुषांचं आयुष्य हे असंच. पोराला मिशी फुटली की ते राजधानीत जातं, कुठल्यातरी मामाच्या कढईपुढे उभं राहतं आणि गुडघे गेले की परत येतं. लझहरचे गुडघे त्रेपन्नाव्या वर्षी गेले. दुकान त्याने पुतण्याला दिलं आणि बायकोला, तेब्राला, घेऊन गावी आला. सामानात कपड्यांची एक पेटी होती आणि ती थोरली कढई होती.

"तेहतीस वर्षं संसार केला मी याच्याशी," तेब्रा शेजारणींना सांगायची, "पण ट्रकमधून उतरताना यानं हात दिला तो कढईला. मी आपली उडी मारली."

घर ठीक होतं. डोंगरात कोरलेलं, उन्हाळ्यात गार. जमीन मात्र नावापुरती उरली होती. आमच्याकडे जमीन म्हणजे जिसर. घळीत आडवा मातीचा बांध घालायचा. पाऊस पडला की पाणी वरून गाळ घेऊन येतं, बांधाशी अडतं, पाणी मुरतं आणि गाळ मागे राहतो. चार पिढ्या असं केलं की नुसत्या दगडधोंड्यांत शेत तयार होतं, त्यात जैतून आणि अंजीर वाढतात, झाडांच्या मधे सातू आणि मसूर येतो. बांधाच्या एका टोकाला दगडी सांडवा ठेवलेला असतो. जास्तीचं पाणी त्यावरून खालच्या जिसरात उतरतं, तिथून त्याच्या खालच्या. एका घळीत अशी एकाखाली एक सहा-सात जिसरं. वरचं एक फुटलं की खालच्यांची धडगत नसते.

लझहरच्या बापाचं जिसर घळीत सगळ्यांत वरचं. ते एकोणतीस वर्षांपूर्वी फुटलं. ते का फुटलं हे गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं, आणि लझहरला सगळ्यांत जास्त.

बाप नुकताच वारला होता. सांडव्याच्या कडेचे दगड निखळायला लागले होते. खालच्या जिसराचा मालक धाऊ याने शहरात निरोप धाडला, ये आणि दगड बसवून जा. एकदा नाही, तीनदा धाडला. तिसरा निरोप पोचला तेव्हा रमजान आठवड्यावर आला होता. रमजान म्हणजे आमच्या तळणाऱ्यांची सुगी. मधात बुडवलेल्या झलाबियासाठी दुकानापुढे रस्ताभर रांग लागते. लझहरने निरोप्याला सांगितलं, "ईद झाली की येतो म्हणावं." ईदला चार दिवस असताना पाऊस आला. जे पाणी महिनाभर मुरत बसलं असतं ते एका दुपारी बांध फोडून खाली गेलं. धाऊच्या बापाने लावलेली जैतुनाची झाडं मुळांसकट उपटली, धाऊचा बांध गेला, त्याच्याखालचेही गेले. माणूस कुणी दगावलं नाही, एवढंच नशीब म्हणायचं. पुढच्या शुक्रवारी नमाज सुटल्यावर धाऊने मशिदीच्या दारात उभं राहून अल्लाची शपथ घेतली, "लझहरच्या जिसराला माझा हात पुन्हा लागणार नाही."

बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्याकडे रीत अशी की सांडव्याचा उंबरा, म्हणजे ज्या लांबट दगडावरून पाणी ओलांडून जातं तो दगड, जिसराच्या मालकाने बसवायचा नसतो. तो खालच्या जिसराच्या मालकाने बसवायचा. वरच्याने किती पाणी ठेवायचं आणि किती सोडायचं हे खालचा ठरवणार. दरवर्षी गाळ चढतो तसा उंबरा बोटभर वर घ्यावा लागतो, तोही खालच्याच्याच हाताने. यावर कुठे सहीशिक्का नाही, आणि ही रीत मोडलेली कुणाच्या ऐकिवात नाही. म्हणजे लझहरने हवा तेवढा बांध घातला असता तरी धाऊच्या हाताशिवाय त्याचं जिसर पुरं होणार नव्हतं.

गावी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तो घळीत गेला. बापाच्या शेताच्या जागी पुरुषभर खोल ओघळ पडला होता. बांधाची दोन टोकं तेवढी उभी होती. खाली धाऊच्या शेतात त्याने कंबरेएवढा बांध पुन्हा घातलेला दिसत होता, एकट्याने, दगडावर दगड ठेवून. त्यामागे एक अंजीर आणि पाच-सहा लहान जैतून. वरून दर पावसाळ्यात सुसाट येणाऱ्या पाण्यापुढे तो बांध कसा टिकून राहिला होता, देव जाणे. लझहरला लाज वाटली. तो तिथे उन्हं चढेपर्यंत उभा राहिला, आणि त्याला कळलं की आता मरेपर्यंत आपल्याला दोनच गोष्टी हव्या आहेत. हे जिसर उभं राहायला हवं, आणि त्याचा उंबरा त्या म्हाताऱ्याच्या हातचा हवा.

त्याच वसंतात रिहाब आली. पडक्या जिसरांना पुन्हा उभं करणाऱ्या एका संस्थेत ती शेती इंजिनियर होती. सत्ताविसाची पोर, पांढरी धूळभरली गाडी, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. संस्था दगड आणून देणार होती, बियाणं देणार होती, जैतुनाची चाळीस रोपं देणार होती. अट एकच, शरदातल्या पावसाआधी बांध आणि सांडवा पुरा व्हायला हवा. नाही झाला तर रोपं दुसऱ्या गावाला जातील.

"आणि नांगर खोल घालायचा नाही," रिहाब म्हणाली. "सातू आणि मसूर मिसळून पेरायचे. कापणी झाली की धसकटं शेतातच राहू द्यायची. शेळ्यांना आत सोडायचं नाही."

"शेळ्यांना तूच सांग, पोरी," तेब्रा म्हणाली. "माझं त्या ऐकत नाहीत आणि यांना तर त्या ओळखतही नाहीत."

उन्हाळाभर काम चाललं. गावात उरलेली माणसं आपापली गाढवं घेऊन दोन-दोन दिवस येऊन गेली, तशी आमच्याकडे पद्धतच आहे. लझहरला मातीतलं काही कळत नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने कोरडी माती ढिगाने ओतली, तेव्हा सगळे हसले. "शेठ, पीठ मळताना पाणी घालत नव्हता का?" मग त्याने ओली माती वीतभर पसरून गाढवांच्या पायांनी चोपून घ्यायची असते हे शिकून घेतलं. हळूहळू बांध चढला. रिहाब पंधरा दिवसांनी एकदा यायची, पायाने माती दाबून बघायची. एकदा बांधावर बसून तिने सगळ्यांना सांगितलं, "पावसात बांधाच्या पायथ्याशी लक्ष ठेवा. स्वच्छ पाणी पाझरलं तर खुशाल झोपा. गढूळ आलं तर समजा बांधाला आतून भोक पडतंय. तेव्हा बांधावर उभं राहू नका."

ऑगस्टमध्ये सांडव्याच्या भिंती झाल्या. उरला उंबरा. रिहाबने मोजमाप करून सांगितलं, शेतापासून दोन विती उंच. लझहरने तिला रीत सांगितली. ती वहीत लिहायला लागली आणि मधेच थांबली.

"म्हणजे तुमच्या धरणाची किल्ली त्यांच्याकडे?"

"असंच."

"आणि त्यांनी शपथ घेतलीय?"

"असंच."

"मग तुम्ही गेलात का त्यांच्याकडे? एकदा तरी?"

 एकोणतीस वर्षांत लझहर धाऊच्या दारात गेला नव्हता. ईदला गावी आला तरी ते दार टाळून, वाट वाकडी करून जायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कढई चढवली, सहा फतीरे तळले, कागदात बांधले आणि खाली उतरला. धाऊ अंजिराखाली एका लांबट, गुळगुळीत दगडावर बसून चहा पीत होता. एकोणऐंशी वर्षांचा, वाळक्या लाकडासारखा, डोक्याला पंचा. शेजारी गाढव उभं.

"सलाम आलेकुम, धाऊकाका."

सलामाचं उत्तर देणं भागच असतं. धाऊने ते दिलं, आणि तोंड गाढवाकडे फिरवलं.

"ऐकलंस का रे? पाहुणे आलेत. राजधानीचे."

"काका, मी माफी मागायला आलोय."

"बघ," धाऊ गाढवाला म्हणाला, "ईद झाली वाटतं. येतो म्हणाले होते ईदनंतर. कोणती ईद ते सांगायचं राहिलं."

लझहरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तरी तो उभा राहिला. "काका, चूक माझीच होती. बांध मी पुरा केलाय. उंबरा तेवढा तुमच्या हाताने बसवा. तुम्ही म्हणाल तेवढ्यावर. बोटभरच पाणी ठेवायचं म्हणालात तरी चालेल."

धाऊने चहाचा घोट घेतला. "याला सांग, अल्लाचं नाव घेऊन बोललेलं माणूस परत गिळत नाही. ते काय पीठ आहे, आज फसलं तर उद्या पुन्हा मळायला?" मग त्याने कागद उघडला, फतीरे पाहिले, आणि एकेक करून गाढवापुढे धरले. गाढवाने काही शपथ घेतलेली नव्हती. त्याने सहाही खाल्ले.

लझहर घरी आला तो रागाने लाल होऊन. खरं सांगायचं तर राग स्वतःवरच होता, पण स्वतःवरचा राग माणसाला फार वेळ धरून ठेवता येत नाही, तो दुसऱ्यावर टाकावाच लागतो. म्हाताऱ्याचा हट्ट, म्हाताऱ्याची शपथ! चार महिने कंबर मोडून घातलेला बांध एका दगडासाठी अडायचा? रोपं दुसऱ्या गावाला जायची? सप्टेंबरच्या शेवटी त्याने स्वतःच दगड आणले आणि स्वतःच बसवले. आणि बसवताना त्याच्यातला तळणारा जागा झाला. कढई अर्धी भरलेली त्याला आयुष्यात कधी आवडली नाही. दोन विती सांगितलं होतं, त्याने चार विती चढवलं.

तेब्राने वर येऊन पाहिलं. "अरे माणसा, हे फार उंच झालं."

"पाणी जास्त राहील."

"आणि त्या म्हाताऱ्याला?"

"त्याला नकोच आहे माझं पाणी."

रिहाब आली, तिने टेप लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "लझहरकाका, हे खाली घ्यावं लागेल. नवा बांध आहे, अजून बसलेला नाही. एवढं ओझं तो सोसणार नाही."

"घेतो की. पहिला पाऊस होऊन जाऊ दे."

हे म्हणताना त्याच्या स्वतःच्या कानांना काहीतरी ओळखीचं वाटलं. पण तो विचार त्याने पुढे जाऊ दिला नाही. रिहाबने चाळीस रोपं अंगणात उतरवली, सावलीला ओळीने मांडली, आणि जाताना पुन्हा म्हणाली, "खाली घ्या, काका." तेब्रा रोज संध्याकाळी तांब्याने रोपांना पाणी घालायची.

ऑक्टोबरात एका मंगळवारी दुपारी पश्चिमेकडून आभाळ काळं होऊन आलं. आमचा पाऊस दोन-तीन तासांचा असतो, पण त्या दोन-तीन तासांत वर्षाचा हिशेब पुरा करतो. लझहर फाटका रेनकोट घालून बांधाशी गेला. वरून पाणी आलं, तांबडं, काटक्या आणि शेळ्यांच्या लेंड्या घेऊन. ते शेतात पसरलं, बांधाला लागलं, चढायला लागलं. एक वीत. दोन विती. तीन. बापाच्या शेतात पाणी! लझहर एकटाच हसला. पोटभर हसला. एकोणतीस वर्षांनी कढई भरली होती.

मग त्याने खाली पाहिलं. धाऊ आपल्या शेताच्या मधोमध काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. पावसात भिजत होता आणि वर सांडव्याकडे बघत होता. त्याच्या बांधाशी पाण्याचा थेंब आला नव्हता. दरवर्षी वरून आडवंतिडवं का होईना पाणी यायचं. यंदा सगळं वर अडलं होतं. म्हाताऱ्याच्या अंजिराभोवती नुसता चिखल. लझहरचं हसू जागच्या जागी थांबलं. मशिदीच्या दारात घेतलेल्या शपथेचं त्याला कधी एवढं वाईट वाटलं नव्हतं जेवढं पाण्याविना राहिलेल्या त्या शेतात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला बघून वाटलं.

आणि तेव्हाच त्याला बांधाचा पायथा दिसला. खालच्या अंगाला, मधोमध, मनगटाएवढी धार लागली होती. गढूळ होती, चहासारखी.

त्या क्षणी धावत सुटून उंचावर जायचं, एवढं शहाणपण कुणालाही असतं. बांध जाईल तर जाईल. पण तो गेला असता तर सरळ धाऊवर गेला असता, आणि एकोणऐंशी वर्षांची माणसं धावत नाहीत.

"काका!" लझहर ओरडला. "काका, बाजूला व्हा! वर चढा!"

पावसात म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही, की ऐकून त्याने ऐकलं नाही, कोण जाणे. तो तसाच उभा राहिला.

लझहरने पहार उचलली. डाव्या गुडघ्यात कळ आली, त्याने तिला शिवी दिली. सांडव्याच्या कडेच्या भिंतीवर पालथा पडून त्याने उंबऱ्याच्या फटीत पहार घातली आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. स्वतः बसवलेला दगड, जीव तोडून बसवलेला. तो काही हलेना. त्या दिवशी त्याला आपल्याच कामाचा राग आला. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा दगड कलला, आणि पाण्याने तो हातातून ओढून घेतला. मागोमाग दुसरा थर. कुणीतरी त्याच्या रेनकोटाला मागून घट्ट धरलं होतं. वळून पाहिलं तर तेब्रा, चिखलात गुडघ्यावर बसलेली.

"तू काम कर," ती ओरडली. "मी तुला धरलंय. कढईसाठी नवरा जिवंत लागतो मला."

तिसरा थर निघाला. पाणी सांडव्यातून गर्जत खाली उतरलं. आता धाऊ हलला. काठी टेकत कडेच्या खडकावर चढला आणि पाण्याला वाट करून दिली. पाणी त्याच्या शेतात शिरलं, पसरलं, अंजिराच्या बुंध्याला वेढा घालून त्याच्या त्या कंबरेएवढ्या बांधाला जाऊन टेकलं. बांध टिकला. वर लझहरच्या शेतात पाण्याची रेघ उतरत गेली. पायथ्याची धार बारीक झाली, मग नुसती ओल राहिली.

संध्याकाळपर्यंत पाऊस ओसरला. लझहर बांधावर चिखलात बसून राहिला. हातातून रक्त येत होतं. शेतात जेमतेम दोन विती पाणी उरलं होतं आणि सांडव्याला खिंडार पडलं होतं. पावसाआधी सांडवा पुरा करायचा होता, तोच आता जागेवर नव्हता. अंगणातली चाळीस रोपं दुसऱ्या गावाला जाणार हे त्याने मनाशी धरलं. ते सांगायला तो घरी गेला तेव्हा तेब्राने त्याच्या हाताला कोमट तेल लावलं.

सकाळी घळीत गाढवाचे पाय वाजले. लझहर वर बसून खिंडाराकडे बघत होता. धाऊ पायवाटेने चढत होता. गळ्यात ओळंब्याची दोरी, आणि गाढवाच्या पाठीवर एका बाजूला फावडं, दुसऱ्या बाजूला तो लांबट, गुळगुळीत दगड, ज्यावर बसून तो अंजिराखाली चहा प्यायचा.

लझहर उठून उभा राहिला. धाऊने या वेळी गाढवाकडे पाहिलं नाही.

"पायथ्याला भोक आहे. ते उकरून चिकणमाती भरली का?"

"नाही, काका."

"मग कशाची वाट बघतोयस? ईदची?"

दुपारपर्यंत दोघांनी मिळून भोक उकरलं, चिकणमाती ओली करून गच्च ठोकली.  मग धाऊने गाढवावरून दगड उतरवायला सांगितला. लझहरने तो पेलला तेव्हा त्याच्या वरच्या कडेवर त्याचे अंगठे खोलगट जागेत बसले. पाण्याने घासून झालेली जागा होती ती.

"तुझ्या बापाचा उंबरा," धाऊ म्हणाला. "माझ्याच हाताने बसवला होता. पुरात वाहत माझ्या शेतात आला. एवढं मोठं धूड फेकायचं तरी कुठं? बसायला घेतला."

 दगड लझहरच्या छातीशी होता आणि डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

"रड नंतर. आधी इथं धर."

म्हाताऱ्याने ओळंबा सोडला, वितीने मोजलं, एक डोळा मिटून शेताच्या पातळीकडे पाहिलं. लझहरने आपल्याकडून दगड खाली दाबला. "आणखी खाली घ्या काका. दीड वीत पुरे मला."

"खालचा कोण आहे?"

"तुम्ही."

"मग गप बस." धाऊने दगड उचलून दोन वितींवर बसवला, खालून चिपा ठोकल्या, वर हाताचा तळवा ठेवून दोनदा दाबला. इंजिनियरच्या मापाशी ते बोटभरही चुकलं नव्हतं. "यंदा एवढा. पुढल्या वर्षी गाळ चढेल तेव्हा बोटभर वर घेऊ."

"आणि तुमची शपथ?"

धाऊ जमिनीवर बसला. आता बसायला त्याचा दगड नव्हता. "शपथ काल दुपारीच मोडली. तू स्वतःचा उंबरा फोडत होतास तेव्हा. हात आज लागला एवढंच." त्याने पायाचा चिखल काडीने खरवडला. "मोडलेल्या शपथेची भरपाई म्हणजे दहा गरिबांना जेवू घालायचं. नाहीतर तीन रोजे. रोजे धरले तर डॉक्टर ओरडतो, मला साखर आहे. जेवण रांधायला घरात बाई नाही. आता तूच सांग काय करायचं ते."

 लझहर कढई काढायला धावत घरी सुटला, गुडघे विसरून.

शुक्रवारी नमाजानंतर धाऊच्या अंजिराखाली तीन दगडांवर ती थोरली कढई चढली. पीठ धाऊच्या घरचं, तेल त्याच्याच जैतुनाचं, कारण भरपाई ज्याची त्याच्या घरचंच हवं. तळणारा तेवढा लझहर. रिहाबही आली होती. सांडवा गेल्याचं तिला कळलं होतं, म्हणून येताना चाळीस रोपं दुसऱ्या गावाला द्यायचा कागद आणला होता. सांडवा पाहिला, उंबऱ्यावर तळवा ठेवला, आणि तो कागद चार घड्या करून खिशात कोंबला. वर आणखी वीस रोपं धाऊच्या नावाने लिहून घेतली. वहीत तिने आणखी एक ओळ लिहिली, उंबरा खालच्या शेतकऱ्याच्या हाताने बसवला, तो आल्याखेरीज काम पुरं धरू नये.

अडचण आली ती माणसांची. आमच्या गावात दहा गरीब शोधायला जावं लागत नाही. दहा माणसं शोधायला जावं लागतं. बांग देणारा आला, त्याची आंधळी बहीण आली, वरच्या वाडीतली विधवा तिच्या तीन पोरांना घेऊन आली, दोन मेंढपाळ आले, आणि एक लंगडा म्हातारा, जो सगळ्याच जेवणांना येतो. धाऊने काठीने एकेकाला मोजलं. नऊ झाले.

"ही पोर?" त्याने रिहाबकडे काठी दाखवली.

"मला पगार आहे, काका."

"बाद. तेब्रा?"

"माझ्या घरी पिठाची अख्खी गोण आहे," तेब्रा म्हणाली. "गरीब म्हणालात तर भांडण होईल."

कढईतला फतीरा फुगून लाल झाला होता. लझहरने झाऱ्याने तो उचलला, तेल निथळू दिलं, कागदावर घेतला, आणि कुणाला द्यावा म्हणून वर पाहिलं. धाऊने हात पुढे केला, त्याच्या हातातून कागदासकट फतीरा घेतला आणि कढईजवळच्या जागेवर काठी टेकवली.

"तू बस."

"मी? काका, मी कुठला गरीब? मला दुकान..."

"एकोणतीस वर्षं ज्याच्या जिसरात मूठभर माती नव्हती, त्याच्याहून गरीब या घळीत कोण होतं? बस म्हणतो ना, लझहर."

पस्तीस वर्षांत लझहरने किती फतीरे तळले याला गणती नाही, पण त्याच्या हातावर दुसऱ्या कुणी ठेवलेला हा पहिलाच. तो चिखलात मांडी घालून बसला. धाऊने त्याच्या हातावर कागद ठेवला, मग एक तुकडा मोडून स्वतःच्याही तोंडात टाकला. मीठ थोडं कमी पडलं होतं. गाढव मान लांब करून बघत होतं, पण त्या दिवशी त्याच्यासाठी काहीच उरलं नाही.